टिकलीचं पहिलं वेत

त्रिंबक गेला आणि त्या घरात कुत्रीला नावानं हाक मारायची पंचाईत होऊन बसली. कुत्रीचं नाव टिकली. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून त्रिंबकनंच ठेवलेलं. आता नवी विधवा ओट्यावर बसलेली असताना अंगणात उभं राहून "टिकलीऽ, ए टिकलीऽ" असं कोण ओरडणार? दीर काकासाहेब नुसताच खाकरायचा, जाऊ उषाबाई 'ए बये' म्हणायची, आणि शेजारपाजारचे 'यू यू' करून भागवायचे. माणसं कुठं नाजूक होतील आणि कुठं दगड, याचा काही नेम नसतो. आसराबाईच्या बांगड्या फोडताना यातलं कुणीच एवढं अडखळलं नव्हतं.

आसराबाई मात्र तिला टिकलीच म्हणायची. तिला त्यात काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला कशातच काही वाटत नव्हतं, आणि तिचं दुखणं ते हेच.

पूर्णेच्या काठाला, केदारखेड्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. फाल्गुनात एका सकाळी मेंढ्या सोडताना त्रिंबकच्या छातीत कळ आली. जालन्याच्या दवाखान्यात तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी माणूस संपला. घरी आलं ते त्याचं अंग, त्याचं घोंगडं आणि एक वहाण. दुसरी वहाण दवाखान्यात कुठल्या खाटेखाली राहिली ते कुणाला कळलं नाही. ती एकटी वहाण दाराशी भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि उचलून टाकायचा धीर कुणाला होत नव्हता.

बाया आल्या, गळ्यात पडल्या, "रड गं माय, मोकळी व्हय" म्हणाल्या. एकीनं तर दंडाला चिमटाही काढला. आसराबाईनं तिच्याकडं शांतपणे पाहिलं आणि चहा घेतलास का म्हणून विचारलं. मंठ्याला दिलेली तिची लेक मनीषा तेरा दिवस राहून सासरी गेली, तेव्हापासून रोज दिवेलागणीला फोन करायची.

"आई, रडलीस का?"

"न्हाई. नळाला पानी आलंय, ठिवते."

गावच्या नळाला पाणी चार दिवसांआड यायचं. आसराबाईच्या फोनवर ते रोज यायचं.

दवाखान्यात त्रिंबक शेवटचं नीट बोलला तेव्हा तिची अशी समजूत होती, की आता हा शेताचं सांगेल, लेकीचं सांगेल, निदान माझं काय ते तरी सांगेल. त्यानं नाकातली नळी जरा बाजूला केली आणि म्हणाला, "टिकलीच्या पहिल्या वेतातली मादी रहमतची. शब्द हाय." पुढं बोलायला गेला तर ठसका लागला, नर्सनं येऊन नळी सारखी केली, आणि मग तो बोललाच नाही. छत्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटचे शब्द कुत्रीच्या पिल्लाचे. दुसरी बाई चिडली असती. आसराबाईनं नुसती मान हलवली होती.

शब्दाचं असं होतं, की त्या घराण्यात कळपाचं कुत्रं विकत नसत. बापजाद्यांनी वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागं पायपीट केलेली. आता चार एकर कापूस-मका आणि साठ-सत्तर मेंढ्या एवढंच उरलं होतं, पण कुत्रं विकायचं नाही, मागणाऱ्याला शब्द द्यायचा आणि शब्दाला जागायचं, ही चाल टिकली होती. त्यातून त्रिंबकचा हेका वेगळाच. बाकीचे धनगर वेतातले नर ठेवायचे आणि माद्या पोत्यात घालून बाजारात सोडून यायचे. त्रिंबक उलटा. "कुत्रा वासामागं जातो," म्हणायचा, "कुत्री कळप सोडत न्हाई." तीन पिढ्या त्याच्याकडं कुत्र्याच होत्या. टिकलीची आई वाघी ही तिसरी. वाघीच्या वेतात मादी एकच निघाली, ती टिकली. शेजारच्या वाडीचा रहमतुल्ला, शेळ्यावाला, त्रिंबकचा पोरपणापासूनचा सोबती. त्याच्या शेळ्या लांडग्यांनी नेल्या होत्या आणि त्याला वाघीच्या वळणाचीच मादी हवी होती. एकुलती एक कशी द्यायची, म्हणून त्रिंबकनं तिच्या पहिल्या वेताचा शब्द दिला. दोघांत शेळ्यांच्या गोठ्यापाशी काय बोलणं झालं, ते त्या दोघांना ठाऊक.

पण शब्दाला मुदत लागली ती दहाव्याला. पूर्णेच्या वाळूत पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून राहिला. मग सुरू झाली आश्वासनं. "मनीषाला चोळी-बांगडी करू." कावळा हलला नाही. "वैनीला अंतर देनार न्हाई." कावळ्यानं पंखात चोच खुपसली. "काळं मेंढरू देवाला सोडू." ते मेंढरू काकासाहेबाचं होतं, तरी कावळा ढिम्मच. बारा वाजून गेले, वाळू तापली, मंडळी उपाशी. शेवटी काकासाहेब हात जोडून ओरडला, "दादा, रहमतभाईचं पिल्लू वर्साच्या आत देऊ!" आणि कावळा उतरला.

झालं. गावानं कानानं ऐकलं आणि डोळ्यानं पाहिलं. 'वर्षाच्या आत' हे त्रिंबकनं सांगितलेलं नव्हतं, कावळ्यानंही मागितलेलं नव्हतं. ते काकासाहेबाच्या रिकाम्या पोटानं सांगितलं होतं. पण आता ते गेलेल्या माणसाचं मागणं ठरलं. वर्षश्राद्धापर्यंत पिल्लू रहमतुल्लाच्या हातात पडलं नाही, तर त्रिंबकचं पान तसंच राहणार, असं काकासाहेबानं चारचौघांत बजावून ठेवलं. टिकली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि चपलांचे अंगठे चावत हिंडत होती.

वैशाखात वाघी रस्त्यावर एका गाडीखाली सापडली. वंशात टिकली तेवढी राहिली. ज्येष्ठात एकदा भाकरीच्या तुकड्यात आसराबाईला एक दात सापडला, तांदळाएवढा, पांढराशुभ्र. टिकलीचा दुधाचा दात. तिनं तो बोटांवर धरून पाहिला आणि चुलीच्या राखेत टाकून दिला.

दिवाळीच्या आधी आठवडाभर टिकली ज्या पोत्यावर झोपायची, त्यावर रक्ताचे थेंब दिसले. कुत्री माजावर आली होती. वय तिचं नऊ महिने. दोन दिवसांत गावातले सगळे कुत्रे अंगणाबाहेर येऊन बसले. आसराबाईनं टिकलीला ओट्याच्या खांबाला दाव्यानं बांधलं आणि बांधता बांधता तिला वाघीची आठवण झाली. वाघी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा त्रिंबकनं तिला आत कोंडलं आणि स्वतः घोंगडं टाकून तीन आठवडे दाराला आडवा झोपला. दुसऱ्या माजालाही तेच. बाहेर कुत्र्यांचा गोंधळ, आत वाघीचं विव्हळणं, घरात कुणाला झोप नाही. आसराबाई चेष्टेनं म्हणाली होती, "येवढं राखून राह्यले, नवी नवरी हाय का काय तुमची?" त्यावर तो काहीतरी म्हणाला होता. काय, ते तिला आठवेना. आठवायचा तिनं फार प्रयत्नही केला नाही.

त्याच आठवड्यात मेंढ्यांना लस टोचायला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. मोनिका त्यांचं नाव. वय अठ्ठावीस-तीस, बूट चिखलात घालायला मागंपुढं न पाहणारी बाई. ओट्यावर चहा पिताना त्यांनी टिकलीकडं पाहिलं.

"मावशी, पहिलाच माज का हिचा?"

"व्हय."

"मग बांधूनच ठेवा. पहिल्या माजाला लावू नका, दुसऱ्यालाही नको. दोन वर्षांची होऊ द्या. माज आला म्हणजे अंग तयार झालं असं नसतं. हाडं भरायचीत हिची अजून. पिल्लं अडकली तर जिवावर बेतेल."

"बरं," आसराबाई म्हणाली. तिनं ऐकलं होतं, अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. पण त्या वर्षात तिनं ऐकलेलं सगळंच कानाशी थांबत होतं. आत जाऊन बसत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंची गाडी फाट्याला लागते न लागते तोच काकासाहेब आला. हा माणूस वाईट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. काकासाहेब काळजीवाहू होता, आणि काळजीवाहू माणसाशी कुणी भांडू शकत नाही. तो बोटं मोजत आला.

"वैनी, बराबर जुळून राह्यलं बघा. आता दिवाळीत लागली, तर दोन म्हैन्यानं वेत. म्हंजे पौष. पुढं दोन म्हैन्याचं पिल्लू, म्हंजे फाल्गुन. दादाच्या वर्षश्राद्धाला पिल्लू रहमतभाईच्या हातात! दादानंच वरून जुळवलं, दुसरं काय?"

"डॉक्टरीणबाई नगं म्हनल्या. दोन वर्सं थांबा म्हनल्या."

"त्या शिकल्याल्या हायत, मी नाव ठिवत न्हाई. पर आपुन काय आजच जनावरं पाळून राह्यलो का?" असं म्हणून तो टिकलीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही अंगठ्यांनी तिचे ओठ वर केले.

आता इथं धनगराच्या दातांची गोष्ट सांगायला हवी. मेंढीचं वय त्यांच्यात कागदावर नसतं, तोंडात असतं. दुधाचे दात असेतो ती आदत, म्हणजे पोर. ते पडून पुढचे दोन पक्के दात आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळली. जुळायला चार वर्षं लागतात. आणि दोनदाती झाल्याशिवाय मेंढीला मेंढा लागू द्यायचा नाही, आदत मेंढी गाभण राहिली तर ती मालकाची अब्रू गेली, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा दंडक. काकासाहेबानं आयुष्यात तो कधी मोडला नव्हता. म्हणूनच तो दात बघायला बसला होता. हयगय केली असं म्हणायला त्यानं जागा ठेवली नाही.

टिकलीच्या तोंडात वरखाली पक्के, पांढरे, धारदार दात होते. एकही दुधाचा नव्हता.

"जुळली की वो ही!" काकासाहेब आनंदानं म्हणाला. "वैनी, या, बघा डोळ्यानं. दोनदातीची बात सोडा, पुरी जुळल्याली हाय. दात काय खोटं बोलतेत का?"

आसराबाईनं वाकून पाहिलं. दात खरेच होते. ज्येष्ठातला तांदळाएवढा दात तिला आठवला आणि तिला वाटलं, दुधाचे पडले, पक्के आले, म्हणजे झालंच असेल. तिचाही जन्म मेंढरांतच गेला होता. तिला दुसरं गणित कुणी शिकवलंच नव्हतं.

तरी दावं सोडलं ते तिनंच. हे नंतर कुणी विचारलं नाही, पण ते खरं आहे. काकासाहेबानं गावातल्याच राजानंद धनगराच्या कळपातला मोठा भुरा कुत्रा आणून मागच्या वाड्यात ठेवला होता. तो म्हणाला, "वैनी, तुमचं मन घेत नसंल तर ऱ्हाऊ द्या." आणि आसराबाई घटकाभर खांबापाशी उभी राहिली. तिच्या मनात एकच होतं. हा शब्द माझ्या छातीवर बसला आहे. म्हणूनच काही वर येत नाही. हा एकदा उतरला, रहमतभाईच्या हातात पिल्लू पडलं, की मी मोकळी होईन, इतर बायांसारखी रडेन आणि निजेन. तिनं गाठ सोडली. टिकली उड्या मारत मागं गेली.

पुढचे दोन महिने आसराबाईनं तिला जपलं. दूध-भाकरी घातली, अंडं घातलं, पोत्याखाली पेंढा घातला. टिकलीचं पोट वाढलं पण अक्कल काही वाढली नाही. एवढं पोट घेऊन ती कोंबड्यांच्या पिसामागं धावायची, स्वतःच्या शेपटीभोवती गरगर फिरायची आणि धाप लागली की आसराबाईच्या पायावर येऊन पडायची. उषाबाई हसून म्हणायची, "आई व्हायला आली तरी पोरचाळे जाईनात हिचे." आसराबाईही हसल्यासारखं करायची.

पौषात एके दिवशी पहाटेच टिकली कण्हू लागली. उन्हं अंगणात आली, दुपार झाली, कळांवर कळा येत होत्या, पण सुटका होईना. एक पाय तेवढा बाहेर दिसत होता. टिकली आसराबाईकडं बघत होती. ही बाई आपल्याला असं का करते आहे, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. आसराबाईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि काकासाहेबानं टेम्पोत गोधडी अंथरली.

तालुक्याच्या दवाखान्यात दोन तास गेले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत रक्त होतं.

"कुत्री जगेल," त्या म्हणाल्या. "पण पिशवी काढावी लागली, मावशी. फाटली होती. तीन पिल्लं होती. दोन आतच गेली. एक आहे, पण त्याच्यात काही दम नाही. बाप मोठ्या अंगाचा, आणि हिच्या कमरेचं हाड अजून पोरीचं. वाटच नव्हती यायला."

"म्हंजे आता हिला पुन्यांदा..."

"नाही. आता कधीच नाही."

काकासाहेब पुढं सरसावला. त्याचा चेहरा पडला होता. "पर ताई, दात बघितल्ते वो मी. माझ्या हातानं बघितल्ते. पुरे जुळल्याले होते!"

डॉक्टरीणबाईंना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. त्यांना राग आला असावा, पण समोरच्या माणसाचं तोंड बघून तो त्यांनी गिळला.

"काका, कुत्र्याचे सगळे दात सात महिन्यांत येतात. सगळेच्या सगळे. मेंढीला ज्याला चार वर्षं लागतात, ते कुत्र्याचं सात महिन्यांत उरकतं. तुम्ही आदत मेंढीला मेंढा लावता का?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"ही आदतच होती."

काकासाहेब खाली बसला. फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला.

वाचलेलं पिल्लू मादी होतं. कपाळावर ठिपका नव्हता, पण छातीवर होता. आसराबाईनं तिला पदरात घेतलं, तळव्यानं चोळत राहिली, तोंडात दुधाचा बोळा धरत राहिली. टेम्पो केदारखेड्याच्या फाट्यापर्यंत आला तोवर पदरात काहीतरी हलत होतं. फाट्यापुढं हलायचं थांबलं. आसराबाईनं काकासाहेबाला काही सांगितलं नाही. घरी येईपर्यंत ती तशीच चोळत राहिली, कारण थांबून करायचं काय, ते तिला सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी मनीषाचा फोन आला. "आई, आवाज आसा का येऊन राह्यला? रडलीस का?"

"न्हाई. नळाला पानी आलंय."

टिकलीला टाके होते. चौथ्या दिवशी ती उठून फिरायला लागली, आणि तिच्या आचळांना दूध आलं. दुधाला कुणी सांगत नाही की पिल्लं राहिली नाहीत. ती घरभर हुंगत हिंडली. पेंढा उकरला, कणगीमागं डोकावली, चुलीपाशी गेली. मग दाराशी आली, भिंतीला टेकलेली त्रिंबकची वहाण तोंडात धरली, हळूच, दात न लावता, आणि आपल्या पोत्यावर नेऊन ठेवली. वहाणेभोवती अंग गोल केलं आणि ती चाटायला लागली.

आसराबाई उठली. दहा महिने त्या वहाणेला कुणी हात लावला नव्हता. तिनं वहाणेकडं हात नेला आणि टिकली गुरगुरली. जन्मल्यापासून ती आसराबाईवर कधी गुरगुरली नव्हती. आसराबाईनं हात मागं घेतला आणि भाकऱ्या करायला बसली.

रहमतुल्ला आला तो पंधरा दिवसांनी. शेळ्या घेऊन तो लांब अजिंठ्याच्या डोंगराकडं चारायला गेला होता, परत आल्यावर त्याला कळलं. त्यानं शेळीच्या दुधाची कासंडी आणली होती, टिकलीसाठी. आसराबाईला वाटलं होतं, हा आला की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तसंही काही वाटलं नाही. तिनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं.

"रहमतभाई, शब्द मोडला आमच्याकून. पिल्लू जगलं न्हाई. आता पुढं बी व्हायचं न्हाई. वर्षश्राद्धाला त्यांच्या पानावर काय वाढू मी?"

रहमतुल्लानं टिकलीकडं पाहिलं. ती वहाण पोटाशी घेऊन पडली होती. ती वहाण कुणाची, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानंच ती राजूरच्या जत्रेतून त्रिंबकसोबत घेतली होती, एक जोड त्याला आणि एक स्वतःला.

"भाभी," तो म्हणाला, "मला एक सांगा. मी कधी पिल्लू मागायला आल्तो का? एकबार तरी?"

"न्हाई."

"येनारच नव्हतो. त्रिंबकभाऊनं मला सांगून ठिवल्तं. बिलकुल जल्दी करायची न्हाई, रहमत. हिचे दोन माज मी राखनार, तिसऱ्याला लावनार. दोन वर्सं थांबशील तर शब्द देतो, न्हाई तर दुसरीकडं बघ. मी म्हनलं थांबतो. हातावर हात मारून म्हनलं." त्यानं पालथ्या हातानं नाक पुसलं. "आजून एक वरीस हाय, आसं मी धरून चाललो होतो. दहाव्याला मी नदीवर नव्हतो ना भाभी, आन् ती वर्साची मुदत मला मागून कुनी सांगितली बी न्हाई. आसतो तर तिथंच बोललो आसतो."

दवाखान्यात नळी बाजूला करून तो पुढं काहीतरी बोलायला गेला होता आणि ठसका लागला होता. ते पुढचं हे होतं. आणि लगेच, कुणी न विचारता, वाघीच्या वेळचं त्याचं उत्तरही तिला आठवलं. दाराला आडवा झोपलेला, घोंगड्यातून तोंड बाहेर काढून तो म्हणाला होता, "आजून पोर हाय गं ती. तिला कळत न्हाई. आपल्याला तर कळतंय ना?"

तिला सांगितलं होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दात काकासाहेबानं पाहिले होते, पण गाठ तिच्या हातानं सुटली होती, आणि तीसुद्धा कुत्रीसाठी नाही, त्रिंबकसाठीही नाही. स्वतःला रडू यावं म्हणून.

रहमतुल्लानं कासंडीतलं दूध ताटलीत ओतलं, टिकलीच्या तोंडाशी सरकवलं आणि उठला. "वर्षश्राद्धाला येतो," म्हणाला, "मीच पानापाशी बसून सांगीन त्याला. तुमी काय बी म्हनू नका." वाकून त्यानं कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "टिकली," तो म्हणाला, अगदी सहज, आणि चालू लागला. त्रिंबक गेल्यापासून आसराबाईशिवाय दुसऱ्या कुणी तिला नावानं हाक मारली ती तेव्हाच, पहिल्यांदा.

आसराबाई पोत्यापाशी जमिनीवर बसली. टिकलीनं दूध चाटलं, थोडं ठेवलं, आणि ओलं तोंड घेऊन पुन्हा वहाण चाटू लागली, तिलाही पाजल्यासारखं. आसराबाईनं हात पुढं केला. या वेळी टिकली गुरगुरली नाही. आसराबाईनं वहाण घेतली नाही, नुसता हात तिच्या पाठीवर ठेवला, टाक्यांच्या जरा वर. बरगड्या हाताला लागत होत्या. त्या खरंच लहान होत्या.

दिवेलागणीला फोन वाजला.

"आई, रडलीस का?"

"नळाला पानी आलंय," आसराबाई म्हणाली.

"बरं, ठिवते मंग."

"ठिवू नगं गं, मनीषा," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "ठिवू नगं. दावं मीच सोडलं तिचं."